शहादेवमामांचं 'एक्स'

आमच्या नांदूरघाटला लग्नात मंगलाष्टकांच्या आधी सत्कार होतात आणि सत्काराचा माईक शहादेवमामांच्याच हातात असतो. आधी फुंकर, मग "ह्यालो, ह्यालो", मग नाकातून लांबलचक "आऽऽऽणि..." आणि मग नाव. पण नाव उघडंबोडकं कधीच न्हाई. "मानसाला टोपी नसली तर चालतंय, नावाला पायजेच!" चेअरमन, पैलवान, भावी सदस्य, काहीतरी चढवल्याशिवाय मामा कुणाला हार घेऊ देत नाहीत.

निवडणुकीत पडलेल्यांसाठी त्यांनी 'माजी' सोडून 'एक्स' धरलंय. "माजी म्हणलं की मानूस सुकतंय. एक्स म्हणलं की मिल्ट्रीतून आल्यावानी ताठ बसतंय." इंग्रजीच्या सरांनी एकदा सांगितलं, हे लॅटिनमधून आलंय, अर्थ 'बाहेर', एक्झिटमध्ये बी तेच. मामांनी घाईघाईनं माईकवर हात ठेवला. "म्हंजी खुर्चीच्या भाईर? सर, आप्पारावला सांगू नगा."

आप्पाराव म्हणजे आधी सोसायटीचे चेअरमन, मग आमचे सरपंच. होते. नुकतंच साखराबाईंनी त्यांना पाडलं. आणि त्यातच मामांच्या लेकीचं, करिष्माचं लग्न निघालं. आदल्या दिवशी आप्पाराव दारात हजर. "शहादेव, मला माजी म्हण न्हाईतर एक्स म्हण, तसाच उठीन. आन् माझ्यासंगं भावकी उठंल."

भावकी म्हणजे अर्धा मांडव. बरं, नुसतं 'सरपंच' म्हणावं, तर पुढच्याच रांगेत साखराबाई.

"नावच घिऊ नका की," मामी म्हणाल्या.

"मंग तर आदीच उठंल त्यो!"

लग्नात मामांनी फुंकर मारली. "आऽऽऽणि... अक्षदा पडल्या की एक्स ब्रह्मचारी, आमचे जावई!" मांडव खदखदला. "एक्स सदस्य आन् आता सरपंच, साखराबाई!" बाई पदर तोंडाला लावून हसल्या. ढेरपोट्या आचारी बंकट 'एक्स सडपातळ' झाला. "आन् मी, करिष्माचा बाप. हितं एक्स लागत न्हाई..." नेमका तेव्हाच माईक कुंईंई ओरडला, म्हणून मामांचा आवाज झाकला गेला.

"आऽऽऽणि... एक्स सरपंच, आप्पाराव!"

आप्पाराव उठले. मागोमाग भावकी उठली. मामांच्या हातातला हार हवेतच राहिला. आप्पाराव तरातरा स्टेजवर चढले आणि माईक हिसकून गरजले,

"आन् एक्स चेअरमन का खाल्लास रं?"

भावकी खाली बसली.