तात्यांची मूठ
माझे वडील, आमचे तात्या, सायखेड्याच्या शाळेत मास्तर होते. ऐंशीच्या दशकात झटका येऊन ते आडवे झाले. चार महिने झाले तरी हात हलेना, बोलता येईना. डोळे उघडे असायचे, पण नजर कुठे ठरत नव्हती. आमचं माणूस आत आहे की नाही, एवढंच आम्हाला कळायला हवं होतं. नाशकातले डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आलेख काढून बघू.

न्यायच्या सकाळी आईने त्यांना चोपून तेल लावलं, भांग पाडला. त्याशिवाय तात्या कधी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांच्या डोक्याला हात लावला आणि आम्हाला परत पाठवलं. तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत, धुऊन उद्या या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. दुपारी शिकेकाईने त्यांचे केस धुताना मी आईवर ओरडले, "कशाला हा खटाटोप? त्यांना काय कळतंय? सुटले असते तर बरं झालं असतं." त्यांच्या कानात फेस गेला होता, तोही मी बोलता बोलता पुसला.

दुसऱ्या दिवशी तारा चिकटल्या. कागदाच्या पट्टीवर पेनं सरकू लागली. डॉक्टरांनी कंगव्याच्या दातांसारखी एक रेघ दाखवली. माणसाने हात हलवायचं मनात आणलं की हे दात बसतात, रेघ सपाट होते, मग हात हलो न हलो.

"गुरुजी, उजवी मूठ वळा."

दात बसले. मूठ होती तशीच.

थोड्या वेळाने दात परत उठले. मग डॉक्टर मुद्दाम हाताशी संबंध नसलेलं म्हणाले, पंखा फिरतोय. दात कायम राहिले. पुन्हा मूठ म्हटलं, पुन्हा बसले.

"छातीठोक नाही सांगत," डॉक्टर म्हणाले, "पण त्यांना ऐकू येतंय. हात हलवायला बघताहेत ते."

आई पदरात तोंड घालून रडली. मलाही आनंद झाला, पण क्षणभरच. चार महिन्यांत त्यांच्या उशाशी बसून आपण काय काय बोललो ते आठवू लागलं, सगळ्यात आधी कालचं. रिक्षात मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या सकाळी घरी आईने तेलाची बाटली माझ्याच हातात दिली. मी तेल लावलं, भांग पाडला आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"तात्या, परवाचं मनावर घेऊ नका. माफ केलं असेल तर मूठ वळा."

मी मुठीकडे बघत बसले. ती हलणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. आणि घरात ती पेनं नव्हती, ती पट्टी नव्हती.