याहींचा अंगठा

आमच्या याहींइतका खिडक्या बदलणारा माणूस सुरतेतल्या अख्ख्या उधन्यात झाला नाही, होणारही नाही. याही म्हणजे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरी दिलेली. साडी मार्केटातल्या एका पेढीवर ते जन्मभर कॉम्प्युटरपुढे बसले, पण माउसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. डावा अंगठा एका बटणावर दाबून धरायचा, बोटाने दुसऱ्यावर टिचकी मारायची, की पडद्यावर सगळ्या खिडक्या ओळीने उभ्या. टिचकी मारत हवी तिच्यावर यायचं आणि अंगठा उचलायचा, की तीच समोर. शेठ दारात दिसला की पत्त्यांचा डाव मागे, बिलं पुढे. शेठ खूश, "काका, तमे तो मशीन छो!"

मी जेमतेम दुसरी शिकलेला, पण हार मानणारा नाही. म्हटलं, "ओ याही, यात काय मोठं? कारखान्यात एका मागावर धागा तुटला की बाकीचे सोडून मी तिकडे धावायचो. तुमचं अंगठ्यावर, आमचं पायांवर."

"म्हणून तुमचे गुडघे गेले," याही म्हणाले. याह्यांनी एकमेकांना टोचलं नाही तर नातं कसलं!

पुढे ती खोड बोलण्यातही शिरली. नको तो विषय निघाला की डावा अंगठा मांडीवर दाबला जायचा, बोट टिचकी मारायचं, आणि विषय बदललेला. याहीणबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांना त्यांनी नळाचं पाणी, पंख्याचा आवाज, केळीचा भाव सगळं ऐकवलं. बाईंचं नाव काही निघू दिलं नाही. मला एकट्याला मात्र म्हणाले, "खिडकी बंद कुठे होते? नुसती मागे जाते."

मग बंगळूरला नोकरीला असलेल्या जावयाने, त्यांच्या मुलाने, त्यांना तिकडे न्यायचं काढलं. गल्लीत माझ्याशी गावाकडचं बोलणारे तेवढेच उरले होते. रोज विचारायचो, "जाणार का हो?"

"कळण्याची भाकरी आज कडक झाली," याही म्हणायचे.

शेवटी जावई आलाच. सुरत स्टेशनावर मी बाहेरून गाडीच्या खिडकीचा गज धरला आणि म्हटलं, "याही, राहा इथंच. माझ्याकडे या." वाटलं, आता भाकरी निघेल, नाहीतर पंखा. काहीच निघालं नाही. मांडीवर अंगठा दाबलेला, बोट टिचकी मारतंय, पुन्हा मारतंय.

गाडी हलली, तरी अंगठा त्यांनी उचलला नव्हता.