फुलाआधी, मुळासकट

आबांशी बोलताना त्यांचं तोंड कधी दिसायचं नाही, टोपी दिसायची. समोर कोणीही उभा असो, आबांची नजर त्याच्या चपलांच्या आसपास फिरत असायची आणि वाक्य अर्धं टाकून ते मध्येच खाली वाकायचे. मळवलीत नवीन आलेल्या लोकांना वाटायचं, म्हातारा भलताच नम्र आहे, दिसेल त्याच्या पाया पडतो. बंगल्यावर आलेल्या एका पाहुण्याने तर गडबडून त्यांना "आयुष्मान भव" म्हणून टाकलं. आबांनी हातातलं गाजरगवत त्याला दाखवलं. म्हणाले, "मला नगं, आन् ह्याला तर मुळीच नगं. हे आदीच मरत न्हाई."

गावात त्यांना सगळे 'फुलाआधी आबा' म्हणायचे. कारण विषय लग्नाचा असो की एसटीचा, शेवट ठरलेला : "फुलाआदी, मुळासकट." गाजरगवताला पांढरं फूल आलं की संपलं. "एक फूल म्हंजे फुडल्या साली आख्खी जत्रा," असं ते म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या गवताचं? तर आबांच्या घरी मावशी होती, म्हणजे त्यांची बायको. अंगणाभोवती हे गवत फुललं की मावशीच्या हातांवर, मानेवर चट्टे उठायचे आणि धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, गवतापासून लांब राहा. म्हणून दर आषाढात मावशी पिशवी भरून तळेगावला लेकीकडे जायची, ती थेट थंडी सरताना परत. आबा सणाला एकटे. "चार साल झाली, दिवाळीला माझ्या अंगाला मीच उटनं लावतोय," ते एकदा मला म्हणाले. "पाठीला हात पुरत न्हाई रं." मावशीची एक दिवाळी या घरात व्हावी, एवढंच त्यांचं मागणं.

मी त्यांची नक्कल करायचो. गणपतीच्या कार्यक्रमात भर स्टेजवर केली : मान खाली, एक हात कमरेवर, "फुलाआदी!" लोक खुर्च्यांवरून पडले. कार्यक्रम संपल्यावर आबा आले. वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "मान बरूबर हाय. पर उपटताना जोर दिसंना. उद्या सकाळी ये, सराव करू." गेलो. सराव म्हणजे दीड तास त्यांच्या परसातलं गवत काढणं. पुढे तीन पावसाळे माझा सराव चालू होता!

हातमोज्यांऐवजी ते दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातांत चढवून मनगटाला रबर लावायचे. जमीन ओली असतानाच उपटायचं, म्हणजे मूळ सलग येतं. फूल नसलेलं गवत शेणाबरोबर खड्ड्यात टाकलं की खत. मोकळ्या झालेल्या जागेवर लगेच टाकळ्याचं, म्हणजे त्या रानभाजीचं, बी फेकून ठेवायचं. "रिकामी खुर्ची दिसली की परत बसतंय ते. म्हनून आपला मानूस आदीच बसवायचा." आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेला, जिथे हात पोहोचत नाही, तिथे भुंगे. शर्टाच्या खिशात कायम एक भोकं पाडलेली काडेपेटी. हे भुंगे फक्त गाजरगवत खातात. एकदा कार्ला गावातल्या टपरीवर कोणीतरी विडीसाठी पेटी मागून घेतली आणि उघडली. त्या माणसाने बहुतेक विडीच सोडली.

मी विचारलं, "आबा, एवढ्या भानगडी कशाला? एकच काहीतरी धरा ना."

"लग्नाला भटजी लागतो, आचारी लागतो, वाजंत्री लागते. नुसत्या वाजंत्रीवर लगीन लागतंय व्हय?"

"आणि फवारायचं औषध?"

"औषध म्हंजे पोलीस. सगळ्यात शेवटी बोलवायचा, आन् आला की आपनबी जपून ऱ्हायचं."

दुसऱ्या वर्षी नेमका पोलीस आधी आला. आबांनी शेजारच्या बंगल्याच्या कडेला भुंगे सोडले आणि चौथ्या दिवशी बंगल्याच्या रखवालदाराने साहेबांना खूश करायला तिथेच तणनाशक मारलं. गवत करपलं, भुंगे उपाशी. आणि पंधरा दिवसांत जमिनीतल्या बियांतून नवीन गवत हजर. आबा रखवालदाराला म्हणाले, "आरं, पावनं पंगतीला बसल्यालं आन् तू पानंच उचललीस की!" सगळे हसले. आबा हसले नाहीत. ती दिवाळीही मावशी तळेगावलाच होती.

तिसऱ्या वर्षी मात्र दसऱ्यालाच मावशी आली. अंगणाभोवती टाकळा, पांढरा ठिपका औषधालाही नाही. दिवाळीच्या पहिल्या सकाळी आबा घरोघर फिरून सदरा वर करून उटणं लागलेली पाठ दाखवायचे तेवढे बाकी होते.

मग गावाने त्यांचा सत्कार केला. मावशी पहिल्या रांगेत. सरपंचांनी लोणावळ्याहून मुद्दाम आणलेला गुच्छ पुढे केला आणि मावशी फटाफट तीन वेळा शिंकली. आबांनी गुच्छात नाक घातलं. गुलाबांच्या मधेमधे शोभेला पांढरं बारीक गाजरगवत! "सरपंच," आबा माइकवर म्हणाले, "सत्कार करताय का पेरनी?" खिशातून दुधाची पिशवी काढून त्यांनी एकेक काडी तिच्यात भरली, गाठ मारली आणि उरलेले गुलाब मावशीला नेऊन दिले. भाषण तेवढंच.

गेल्या थंडीत आबा गेले. सकाळी चहा घेऊन ओट्यावर टेकले, ते टेकलेच. लेक मावशीला म्हणाली, "आई, आता तळेगावलाच चल. पाऊस पडला की इथे कोण उपटणार आहे?"

आषाढात मी सहज डोकावलो. मावशीने खुंटीवरची टोपी आणून माझ्या हातात दिली. "करून दाव की रं त्यांची नक्कल. लय दिस झालं." मी टोपी घातली, मान खाली घातली, हात कमरेवर ठेवला, आणि पायरीच्या कडेला खरंच एक गाजरगवत दिसलं. कोवळं, फूल यायचं होतं. वाकलो आणि ओढलं. कट्‌कन तुटलं.

मावशी पदर तोंडाला लावून हसली. डोळेही त्याच पदराने पुसले. "नक्कल झ्याक करतोस. पर मूळ आतच ऱ्हायलं की."

मग काय, पिशव्या चढवल्या, खुरपं घेतलं आणि बसलो. पायरी झाली, परस झालं, कुंपणापर्यंत गेलो. आत फोन वाजला. लेकीचाच असणार.

"न्हाई गं, न्हाई येत. दिवाळीला तूच हिकडं ये," मावशी सांगत होती. मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "कोन उपटतंय ते काय म्हाईत? मला हितनं नुसती टोपी दिसतीय."