मेल्याचा सांगावा

१९८५, डिसेंबरातला सोमवार. सकाळी पाटलाच्या रानात कापूस वेचला, ओटीतला माल ढिगावर टाकला आणि तशीच शाळेत गेले. दहावीचा वर्ग. केसांत कापसाचा कचरा, बोंडांनी फाडलेली बोटं.

इंग्रजीचा तास होता. एकानं बोललेलं दुसऱ्यानं कसं सांगायचं, हा धडा. सरांनी पहिल्या बाकावरून पाटलाच्या मुलाला उठवलं, शेवटच्या बाकावरून मला.

"हा बोलेल, ही सांगेल. हिच्या घरचं कामच आहे ते."

वर्ग खिदळला. गावात मोठ्या घरचं कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा न्यायचं काम माझ्या बापाचं. एसटी होती. पाटलाच्या दारात जीप होती. तरी बाप चालत जायचा. अंगणाबाहेर उभं राहून मेल्याची बातमी ओरडून सांगायची, वरून टाकलेली भाकरी उपरण्यात झेलायची, पुढचं गाव गाठायचं. महिन्यापूर्वी पाटलाची म्हातारी आई गेली, तेव्हा त्यानं तीन गावं केली. तळपायाला फोड घेऊन आला.

सरांनी वाक्य तेच निवडलं.

पाटलाचा मुलगा म्हणाला, "माय ग्रँडमदर डाइड लास्ट नाइट."

मी म्हणाले, "ही सेड दॅट हिज ग्रँडमदर हॅड डाइड द प्रीव्हियस नाइट."

बिनचूक.

"शाब्बास! रक्तातच आहे. विद्यापीठाचं नामांतर मागता ना तुम्ही? आधी सांगावा नीट द्यायला शिका. उद्या तपासणीला साहेब येतायत. हीच जोडी उभी करणार."

किळस आली. सरांची आलीच. माझी जास्त आली, कारण शाब्बास ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं. आज पन्नाशी उलटली, तरी तो क्षण आठवला की थुंकावंसं वाटतं.

संध्याकाळी बापाला सांगितलं. तो जेवत होता.

"बरोबर सांगितलंस का?"

"हो."

"मंग तोंड कशापायी पाडलंस? सर शाब्बास म्हनले न्हवं?"

"आबा, तुमी एवढं चालून जाता. तिथं तुमाला कुनी बसा म्हनतं का?"

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"न्हाई." तो म्हणाला, "पानी बी वरूनच वततात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले नाही. डोक्यावरून पाणी घेतलं, केस घट्ट बांधले आणि सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन पहिल्या बाकावर बसले. साहेब आले. पाटलाच्या मुलानं आपलं वाक्य म्हटलं. सरांनी मला खूण केली. मी उठले.

"माणूस त्याच्या घरचं मेलं. त्यानंच जाऊन सांगावं. मी सांगणार नाही."

साहेब सरांकडे बघायला लागले. सरांनी छडी उचलली.

"हात पुढे कर."

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तशीच उभी राहिले.