आप्पांचा काळा रंग

काळा रंग एकच असतो असं ज्याला वाटतं, त्यानं लाकडाला हात लावू नये. मी स्वतः पंचविशीपर्यंत तसाच अडाणी होतो आणि वर स्वतःला पॉलिश मिस्त्री म्हणवून घेत होतो.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. बेळगावात शहापूरला एका फर्निचरच्या दुकानात मी कामाला होतो. एक दिवस टिळकवाडीतले एक निवृत्त प्राध्यापक दुकानात आले. त्यांच्या घरी स्पीकरची दोन लाकडी खोकी होती, मुलानं परदेशातून आणलेली, कमरेएवढी उंच, काळी. त्यातल्या एकावर त्यांच्या पत्नीनं शोभेला म्हणून मनीप्लँटची कुंडी ठेवली. कुंडीतून महिनोन्महिने पाणी झिरपलं, खोक्याच्या वरचा लाकडी पापुद्रा फुगला, सुटला आणि पांढरट पडला. सरांना ते दुसऱ्याच्या जोडीचं करून हवं होतं. "शेजारी ठेवल्यावर कुठलं बिघडलं होतं ते मलाही ओळखता येता कामा नये," एवढीच त्यांची अट. मालकानं माझ्याकडं पाहिलं आणि मी मोठ्या ऐटीत मान हलवली.

खराब पापुद्रा खरवडून सागाचा नवा चिकटवला, इथवर सगळं ठीक. रंगात माझी जिरली. पहिल्यांदा चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशमध्ये काळी पूड मिसळून हात मारले, तर खोकं नव्या बुटासारखं चकाकायला लागलं. मूळ खोक्याला चकाकी नव्हतीच. मग काळा ऑइलपेंट पातळ करून लावला, आणि शाळेतला फळा तयार झाला. मूळ खोक्यावर काळ्यातूनसुद्धा लाकडाच्या रेषा दिसायच्या, बोट फिरवलं की हाताला लागायच्या. तिथं लाकूडच काळं झालं होतं, वरून काही फासलेलं नव्हतं. सर चार-चार दिवसांनी यायचे, बघायचे, चष्मा पुसायचे आणि न बोलता जायचे. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. तिसऱ्यांदा सगळं घासून काढलं तेव्हा मालक म्हणाला, "जमत नसंल तर तसं सांग. कोल्हापूरचा मानूस बोलावतो."

मला ते काम सोडायचं नव्हतं. बेळगावात मी मिस्त्री होतो, आणि मिस्त्रीला कुणी त्याचं मूळ विचारत नाही. गाव कुठलं म्हटलं की मी 'निपाणीकडचं' एवढंच सांगायचो. गावाचं नाव घेतलं असतं तर ऐकणारा लगेच म्हणाला असता, म्हणजे चपलांचं गाव. आम्ही चपला करणारेच. आप्पा, म्हणजे माझे वडील, कातडं कमवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे. मी पाचवीत असताना वर्गातल्या एकानं माझ्या शेजारचं बसकर ओढून लांब नेलं, म्हणे वास येतो. मी घरी येऊन रडलो. दुसऱ्या दिवशी आप्पांनी परड्यातली कातडं रंगवायची सगळी मडकी फोडली, कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी मोडीत घातली आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमालीला गेले. "पोरांच्या अंगाला वास नगं," एवढंच म्हणाले. ज्या माणसाच्या चपला चार गावं नावाजत होती तो पाठीवर पोती वाहायला लागला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं.

कोल्हापूरच्या माणसाचं नाव निघालं आणि मला आप्पांच्या काळ्या चपला आठवल्या. त्यांच्यावरही रंग बसलेला नसायचा, कातडंच काळं व्हायचं. मालकाकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, सरांना विचारून दोन्ही खोकी वाकळेत गुंडाळली आणि गावी नेली.

"आप्पा, काळं कातडं कसं करत होता तुमी?"

"आत्ता कशाला रं ते?"

मी खोकी उघडली. त्यांनी चांगल्या खोक्यावरून अंगठा फिरवला, नख टेकवून पाहिलं, वास घेतला.

"ह्येला लोखंड पाजलंय कुनी तरी," म्हणाले.

परदेशातल्या कारखान्यात काय करतात ते आप्पांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण पुढचे दोन आठवडे मी जे पाहिलं ते मला कुठल्याही दुकानात शिकायला मिळालं नसतं. त्यांनी नवं मडकं आणलं. त्यात गंजके खिळे, बैलाच्या पायातल्या झिजक्या पत्र्या आणि गुळाचं पाणी घालून तोंड बांधून परड्यात ठेवलं. चार दिवसांत आंबूस वास सुटला. भिंतीपलीकडून कुणीतरी विचारलं, "आप्पा, परत चालू केलं व्हय?"

"न्हाय. पोराचं काम हाय," आप्पा म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासाठी मडकी फोडली होती आणि आता माझ्यासाठीच परत मडकं मांडलं, हे मला तेव्हा समजलं नाही असं मी म्हणणार नाही. समजलं होतं. मला घाई होती.

रोज वखारीतून आले की ते मडक्यात काडी बुडवायचे आणि जिभेला लावायचे. "आजून न्हाय." एके दिवशी म्हणाले, "आता झालं." आदल्या दिवशी हिरडा कुटून उकळून ठेवला होता. कातड्याच्या सवयीनं त्यांनी तो फार दाट केला होता, त्यामुळं सागाच्या तुकड्यावर पहिला प्रयोग हिरवट-राखाडी उमटला. आप्पा खजील झाले. "कातडं पितं तेवढं लाकूड पीत न्हाय," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी हिरडा पाणी घालून पातळ केला. दुसऱ्या तुकड्यावर आधी हिरड्याचा हात दिला, वाळू दिला, मग लोखंडाचं पाणी फिरवलं. लाकूड आधी जांभळट झालं आणि बघता बघता काळंभोर, रेषांसकट. मी अक्षरशः ओरडलो. मग खोक्याला तसंच केलं, वरून मी चपड्याचा एकच पातळ हात दिला आणि मेण चोळून घासलं. दोन्ही खोकी ओट्यावर शेजारी ठेवली तेव्हा मलाच ओळखता येईना. आप्पा म्हणाले, "मला बी येऊ दे सरांच्या घरी. कसं दिसतंय ते बघतो."

त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. कंडक्टरनं कानडीत खोकी टपावर टाका म्हणून सांगितलं, तर आप्पांनी कानडीतच त्याला दम भरला आणि दोन्ही खोकी आत घेतली. बेळगावच्या अलीकडचं काकती मागं पडेपर्यंत ते त्यांना धरून उभे होते. त्यांची बोटं नखांपर्यंत काळी झाली होती, साबणानं न जाणारी. काम करताना मी हातमोजे घातले होते.

सरांनी खोकी जागेवर ठेवून घेतली, लांब गेले, जवळ आले, खिडकी उघडली, बंद केली. मग हसले. पहिल्यांदा हसताना पाहिलं मी त्यांना.

"मिस्त्री, कमाल केलीत. केलंत तरी कसं?" खाली वाकून त्यांनी वास घेतला. "अहो, हा वास माझ्या ओळखीचा आहे. आमचे आजोबा हिरड्याची शाई करायचे, तसा."

माणसानं आयती वाट करून दिली होती. आप्पा दाराशी उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर बोलायची तयारी दिसत होती. आणि मी म्हणालो, "नाही सर, स्पिरिटचा वास आहे तो. मुंबईहून परदेशी रंग मागवला."

"आणि हे कोण?"

"खोकं धरायला आणलंय बरोबर."

आप्पांनी हात पाठीमागं घेतले. सरांच्या पत्नीनं आम्हा तिघांनाही एकसारख्या कपांत चहा दिला, आप्पांना खुर्चीवर बसायचा आग्रह केला. त्यामुळं मला दोष त्या घरावर ढकलायचीही सोय राहिली नाही. हलकटपणा होता तो सगळा माझा. त्यांना गावी सोडायला गेलो तेव्हा बसमध्ये आप्पा पिकांविषयी बोलले, वखारीविषयी बोलले. मला वाटलं, विसरले.

सरांनी माझं नाव सगळीकडं केलं. कुणाची पेटी, कुणाच्या रेडिओचं खोकं, 'तसाच काळा' करायला लोक दुकानात यायला लागले. मी पुन्हा गावी गेलो.

आप्पा ओट्यावर पान खात होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मागव की मुंबईस्नं."

मी स्वतःच परड्यात मडकं मांडून पाहिलं. खिळे तेच, गूळ तोच, हिरडा तोच. कधी तपकिरी यायचा, कधी जांभळा. किती दिवसांनी काडी जिभेला काय सांगते ते मला माहीत नव्हतं. आप्पा जाता-येता बघायचे. एका शब्दानं सांगितलं नाही.

शेवटी मी सरांकडं जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. फार मोठं मन करून सांगितलं असं नाही. सरांनी कौतुक केलं तर आप्पा विरघळतील, परत मडकं मांडतील, हा हिशोब होता. सर कासावीस झाले. "अहो, ते माझ्या घरात होते आणि मी त्यांना ओळखलंही नाही?" म्हणाले. लगेच माझ्याबरोबर गावी आले. इतका मोठा माणूस आमच्या ओट्यापाशी आला आणि आप्पांपुढं हात जोडून उभा राहिला.

"तुमचं काम रोज डोळ्यांसमोर असतं माझ्या," ते म्हणाले. "मला त्या दिवशी समजलं नाही. माफ करा."

आप्पांनी घोंगडं अंथरलं, त्यांना बसवलं, चहा ठेवायला सांगितला. मग अगदी अदबीनं बोलले, "तुमची कायतर चूक झाली सर. मी वखारीतला हमाल. त्या दिवशी खोकं धराय आलतो, तेवढंच. रंगाचं ह्यालाच ठावं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय हे ते शोधत होते. आप्पा माझ्याकडं बघतच नव्हते. सरांना म्हणाले, "च्या घ्या, निवंल."