चाकापुढचा दगड

हरिचंद्रला गाडी उतारावर लावायची सवय होती. अंबरनाथ पूर्वेच्या गुर्जर साहेबांच्या बंगल्यात फाटकापासून घरापर्यंत चढ होता. जुनी फियाट सकाळी किल्लीला दाद देत नसे. म्हणून रात्रीच तो ती वर नेऊन, तोंड फाटकाकडे करून, न्यूट्रलमध्ये ठेवी आणि पुढच्या चाकापुढे दगड लावी. तिचा हँडब्रेक कधीचाच निकामी झाला होता. सकाळी दगड काढला की गाडी घरंगळे, आणि गियर टाकून क्लच सोडला की इंजिन खोकत खोकत जागं होई.

त्र्याण्णव साली दारात पांढरी मारुती आली. ना उतार, ना धक्का. किल्ली फिरवली की चालू. साहेबांची सून उमा कल्याणला गाडी शिकून आली होती. ती चेष्टेने म्हणाली, "काका, तुमची म्हातारी रोज रुसते. माझी बघा, हाक मारली की ओ देते."

हरिचंद्र हसला खरा, पण त्या रात्री बायकोने, अंजनाने, वाढलेली भाकरी तो नुसती कुस्करत बसला. जिची मनधरणीच करावी लागत नाही, त्या गाडीला ड्रायव्हर कशाला? साहेब एवढंच म्हणाले होते, की दसऱ्यापर्यंत दोन्ही गाड्या तूच चालव, मग बघू. म्हणजे नवी गाडीही आपल्या हातात शोभते, हे दाखवायला हवं होतं.

दसऱ्याला त्याने दोन्ही गाड्या आरशासारख्या पुसल्या. मारुती पूजेसाठी वर, दारासमोर लावली. न्यूट्रल, चाकापुढे दगड. मग तो झेंडूच्या माळा आणायला मागे वळला.

चाकाखाली ठेवायला उमा लिंबं घेऊन आली. सणासुदीला तो मातकट दगड तिला बरा दिसला नाही. तिने तो बाजूला सारला.

गाडी निघाली. फाटकाशी रांगोळी काढत बसलेल्या सासूबाई, कुमुदिनीबाई, उमाची किंकाळी ऐकून कशाबशा बाजूला झाल्या. पदर चाकाखाली सापडून टरकन फाटला. गाडी खांबाला धडकून थांबली.

दगड मी काढला, असं उमा रडत रडत सांगत होती. साहेबांनी आधी बायकोला खुर्चीवर बसवलं, मग गाडीत वाकून पाहिलं.

"हँडब्रेक का नाही ओढलास?"

"तिला नव्हता ना, साहेब."

"ही ती नाही, हरिचंद्र."

साहेबांनी स्वतःच आत हात घालून तो ओढला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं हरिचंद्रला वाटलं.

दिवाळीनंतर फियाट उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याने घेतली. तिथे ती पोचवून दिली की उद्यापासून येऊ नकोस, असं साहेबांनी खाली बघत सांगितलं.

व्यापाऱ्याच्या आवारात गाडी लावून हरिचंद्र इकडेतिकडे शोधू लागला.

"क्या ढूंढता है, भाई?"

"दगड."

"अरे, जमीन तो सपाट है."

ते हरिचंद्रलाही दिसत होतं. तरी भिंतीकडेची एक वीट उचलून त्याने चाकापुढे ठेवली, नीट बसली का ते पायाने दाबून पाहिलं, आणि मग किल्ली दिली.