करियाचा पहिला घास

उदगीरच्या स्टेशनरस्त्यावर महानंदा फुटाणेवालीचं दुकान होतं. दुकान म्हणजे तरी काय, एक भट्टी, वाळूची एक कढई, चार टोपल्या आणि टोपल्यांच्या राखणीला एक काळा कुत्रा. नवरा सिद्धराम मोंढ्यात धान्य तोलायची तोलारकी करायचा. तो तापानं गेला तेव्हा भाऊ म्हणाला, माझ्याकडं ये. महानंदाला भाऊ माहीत होता आणि भावजयही माहीत होती, म्हणून तिनं दुसऱ्याच महिन्यात भट्टी पेटवली. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. पण शेवटची आहेत हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

कुत्रा भट्टीच्या राखेतच सापडला होता. थंडीच्या दिवसांत ऊब शोधत आलेलं वीतभर पिल्लू. राखेनं काळं झालं असेल म्हणून तिनं धुतलं, तर ते मुळातच काळं निघालं. महानंदाच्या माहेरी घरात कानडी बोलत, म्हणून नाव पडलं करिया, म्हणजे काळ्या.

त्या दोघांचं जेवण हा रस्त्यावरच्या लोकांना तमाशाच होता. महानंदा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. पूजेनंतर भाकरी मोडून पहिला घास ती स्वतः खायची, दुसरा करियापुढं टाकायची आणि म्हणायची, "उण्णो." जेव रे बाबा. ती जेवल्याशिवाय आणि हा शब्द कानावर आल्याशिवाय करिया भाकरीला नाक लावत नसे. येणारे-जाणारे म्हणत, बाई, माणसांनाही जरा ही शिस्त लावा.

माणसांना मात्र ती लागली नव्हती. तहसील कचेरीतला एक पेशकार रोज संध्याकाळी यायचा आणि न विचारता टोपलीत हात घालून मूठभर फुटाणे उचलायचा. महानंदा टोपली सारखी करायची. सरकारी मुठीला कोण अडवणार? पण करियाला कोण सरकार आणि कोण रयत हे कळत नव्हतं. तीन वर्षं त्यानं नुसतं गुरगुरून पाहिलं आणि एका रविवारी पेशकाराची पोटरी धरली.

सोमवारी सकाळी शिपाई हुकूम घेऊन आला. गुरुवारी सूर्य मावळायच्या आत कुत्रा गावाबाहेर गेला पाहिजे. नाही गेला तर गोळी.

"गावाबाहेर म्हंजे कुठं?" महानंदानं विचारलं.

"ते मला काय म्हाईत? परत गावात दिसला तर मलाच मारावा लागंल बगा," शिपाई म्हणाला. बंदूक त्याची होती, पण बिचाऱ्याचं तोंडच उतरलं होतं.

शेजारच्या कमलम्मानं तोड सुचवली. औशाकडचा एक म्हातारा धनगर, रेवणसिद्ध, मेंढरं घेऊन किल्ल्यामागं उतरला होता. गावानं हाकललेली, माणसांना तोडणारी कुत्री तो पदरी घ्यायचा आणि आपल्या किंवा सोयऱ्याधायऱ्यांच्या मेंढवाड्यांवर, जिथं लांडग्याचं भय असेल तिथं लावून द्यायचा. महानंदा करियाला घेऊन तशीच गेली. म्हाताऱ्यानं कुत्र्याचे दात पाहिले, छाती पाहिली आणि म्हणाला, "जनावर चांगलं हाय. पर आमची रीत हाय, बाई. ती पाळावी लागंल."

रीत अशी, की जुन्या धन्यानं दोन दिवस कुत्र्याला अन्नाचा कण द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी रेवणसिद्ध रात्रभर काखेत ठेवलेली भाकरी आणणार. नव्या धन्याच्या घामाची ती भाकरी कुत्र्यानं खाल्ली की कुत्रा त्याचा झाला. मग जुन्या धन्यानं पाठ फिरवायची आणि नाव न घेता चालू लागायचं.

"आन् न्हाई खाल्ली तर?"

"तर म्या नेत न्हाई. बांधून नेलेलं कुत्रं दावं चावून राती माघारी येतं. तुज्या दारात येऊन गोळी खाईल. त्ये पाप मला नगं."

मंगळवार उजाडला. महानंदानं पूजा केली आणि भाकरी थापायला बसली, ती पिठात हात घालून तशीच बसून राहिली. तिच्या घरात दासोह पाळत. दारी आलेलं भुकेलं राहिलं तर घरधन्यानं जेवायचं नाही, असं सासऱ्यानं तिला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. आता दारातलं कुत्रं आपणच उपाशी ठेवायचं आणि वर आपण जेवायचं? तिनं पीठ परत डब्यात ओतलं. तो उपाशी तर मीही.

दोन दिवस तिनं फक्त पाणी घेतलं. भट्टीवर फुटाणे तडतडत होते आणि करिया टोपल्यांपाशी पडून होता. एक दाणा उडून त्याच्या नाकापाशी पडला. त्यानं दाण्याकडं पाहिलं, महानंदाकडं पाहिलं आणि डोळे मिटले. बुधवारी संध्याकाळी तो उभा राहताना लटपटला, तेव्हा महानंदाचा हात टोपलीत गेला होता. मूठ भरलीही होती. पण गोळी आठवली आणि तिनं मूठ उघडली. स्वतःचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता.

गुरुवारी बाजार गच्च भरला होता. रेवणसिद्ध लिंबाखाली घोंगडी पसरून बसला होता. पलीकडं शिपाई खांद्याला बंदूक अडकवून उभा, आणि त्याच्यामागं पोटरीला पट्टी बांधलेला पेशकार. बघ्यांचीही गर्दी जमली. फुकटचा खेळ कोण सोडतो?

म्हाताऱ्यानं कोपरीत हात घालून काखेतली भाकरी काढली, तुकडा मोडला आणि करियापुढं टाकला.

करियानं हुंगलं. तोंडातून लाळेची तार लोंबली. आणि त्यानं मान फिरवली.

दुसरा तुकडा. मान फिरवली. तिसऱ्या वेळी रेवणसिद्धानं तो नाकापुढं धरला, तर करिया चार पावलं मागं सरकला. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"चोरून चारलंस व्हय, बाई?"

"न्हाई."

"दोन दिसांचं उपाशी कुत्रं दगुड खाईल. खरं सांग."

"गळ्यातल्या लिंगाची आण. कण दिला न्हाई, कण खाल्ला न्हाई."

रेवणसिद्धानं भाकरी गुंडाळली. "मग ह्ये माजं व्हनार न्हाई. जा घेऊन."

"कुठं घेऊन जाऊ, बाबा?" महानंदा म्हणाली. पेशकार शिपायाच्या कानाशी लागला. शिपायानं कलत्या सूर्याकडं पाहिलं आणि खांद्यावरची बंदूक हातात घेतली.

महानंदा करियापुढं बसली. तिला वाटलं होतं तो तिच्या हातांकडं बघत असेल, हातच त्याला अन्न देत आले होते. तो हातांकडं बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन दिवस आपण जेवलो नाही! धर्म पाळायला गेलो आणि कुत्र्याच्या गळ्याला फास लावला. आपण जेवल्याशिवाय हा कसा जेवणार?

"बाबा, ती भाकर हिकडं द्या."

तिनं भाकरी घेतली. मेंढरं कापणाऱ्या घरातली, रात्रभर परक्या पुरुषाच्या काखेत घामेजलेली, लोकरीचा वास मारणारी भाकरी. समोर कमलम्मा उभी होती, मठात जाणारे दहा जण उभे होते. महानंदानं तुकडा मोडला आणि भर बाजारात तोंडात घातला.

"शिव शिव!" कमलम्मा ओरडली.

महानंदा चावत राहिली. खारट लागत होती. तिनं घास गिळला, दुसरा तुकडा रेवणसिद्धाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "उण्णो."

करियानं तो तुकडा म्हाताऱ्याच्या हातावरून असा ओढला की बोटंच जायची. मग तिनं मोडून दिलेला दुसरा, मग तिसरा. रेवणसिद्ध भरवत गेला आणि हळूच म्हणाला, "जा आता, बाई. नाव घिऊ नगंस."

ती उठली. पाठ फिरवली. नाव ओठांवर आलंच, तशी तिनं हातातला उरलेला तुकडा तोंडात कोंबला आणि चालू लागली. घरी पोचेपर्यंत तिनं तो गिळला नाही.

पुढं महिनाभर कमलम्मानं तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. मठाच्या स्वामींनी प्रायश्चित्त सांगितलं, ते तिनं मुकाट्यानं केलं. पेशकार परत फुटाणे उचलायला लागला. महानंदा मात्र वेळेवर जेवेनाशी झाली. कधी दुपारी, कधी दिवे लागल्यावर, कधी नुसतेच फुटाणे. एकटीच्या जेवणाला कसली वेळ?

पाचव्या बाजाराला रेवणसिद्ध औशाकडून येऊन दारात उभा राहिला, तो तावातावानंच.

"काय कुत्रं दिलंस गं, बाई! माज्या घराची पार रीत मोडली त्यानं."

महानंदानं विचारलं, "चावला?"

"लांडगा फाडला त्यानं एकला. त्ये न्हाई म्हणत म्या." म्हातारा उंबऱ्यावर टेकला. "आमच्यात गडी आधी जेवत्यात. बाया मागनं, उरलंसुरलं. ह्ये कुत्रं आमी जेवताना तोंड फिरवून बसायचं आन् माज्या सुनंच्या, शिवगंगीच्या तोंडाकडं बगायचं. तीन दिस खाल्लं न्हाई. वाड्यावर लांडगं येऊन राह्यलेत आन् कुत्रं उपाशी! काय करावं मानसानं?"

"मग?"

"मग काय! आता शिवगंगी पैला घास घेती, ताजी भाकर, आमच्या म्होरं बसून. मग 'उण्णो' म्हणती. तुजा शबुद बाजारात ऐकला व्हता म्या. मग कुत्रं खातं." म्हातारा पुटपुटला, "मग आमी."

महानंदा हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून ती उठली आणि तिनं भाकरीसाठी पीठ काढलं. सूर्य डोक्यावर आला होता. औशाकडं शिवगंगेची जेवायची वेळ झाली असणार.